आमची कंडम जीप

चार मास्तर सात-आठ वर्षं एकाच गाडीतून रोज ये-जा करत असले की त्यांच्याकडं दुसरं काही जमो न जमो, किस्से जमतातच. आमची तर गाडीच अशी होती की घरून निघून शाळेत पोचलो हाच रोज एक किस्सा व्हायचा. अजूनही कुणाच्या लग्नात भेटलो की कुणीतरी म्हणतंच, "गायकवाड सर, ती जीपची गोष्ट सांगा की." मग मला विचारावं लागतं, कुठली?

शाळा सीमाभागातल्या भालकी तालुक्यात, मेहकरच्या पलीकडच्या एका गावात. नाव घेत नाही, तिथले माझे विद्यार्थी आता आजोबा झालेत. आम्ही चौघं भालकीत राहायचो. हेडमास्तर शिवराजप्पा, म्हणजे आमचे अप्पा, घरचं किराणा दुकान, त्यामुळं बोलणंही तागडीत घालून. हिंदी-उर्दूचे कादरी साहेब. कन्नडच्या शांताक्का. आणि गणिताला मी. त्या तिघांचं घरदारच भालकीत. मी मात्र आधी गावातच खोली शोधली होती. गावात रिकाम्या खोल्या पुष्कळ होत्या. फक्त मी आडनाव सांगितलं की त्या भरायच्या. आम्ही बौद्ध. गावानं असा माझा प्रश्न सोडवला आणि मीही भालकीकर झालो.

सकाळची बस शाळा भरल्यावर तासाभरानं पोचायची. म्हणून चौघांनी मिळून सिकंदराबादेच्या बाजूच्या एका डिस्पोजलच्या व्यापाऱ्याकडून मिलिटरीनं कंडम केलेली जीप घेतली. लढाईला जी नालायक ठरली ती शिक्षणाला चालून जाईल, असा आमचा अंदाज. तो बरोबर निघाला.

*

जीपला सेल्फ होता, पण तो बोलत नव्हता. सकाळी भालकीत उतार होता, भागायचं. संध्याकाळी शाळेपुढं सपाट मैदान. अप्पांनी वेळापत्रक बदललं आणि शेवटचा तास ड्रिलचा केला.

एकदा इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले. वेळापत्रक बघून म्हणाले, "ड्रिल सकाळी असतं. तुमच्याकडं शेवटी कसं?"

अप्पा म्हणाले, "दिवसभर बसून पोरं आळसावतात साहेब. जाताना जरा जोर लावला की अंग मोकळं होतंय."

साहेबांची बस चुकली होती, म्हणून ते आमच्याबरोबर निघाले. ते बसले, आम्ही बसलो, शिट्टी वाजली आणि नववीचा अख्खा वर्ग दोन रांगांत येऊन जीपच्या पाठीला लागला.

महिन्याभरानं अहवाल आला. 'शारीरिक शिक्षण समाधानकारक. विद्यार्थ्यांत सहकार्याची भावना दिसून आली.' माझ्या गणिताच्या तासाला साहेब पाऊण तास बसले होते, त्याबद्दल एक ओळ नव्हती.

*

हॉर्न तर पहिल्याच वर्षी गेला. त्याचं काम कादरी साहेब तोंडानं करायचे. गाडी तेच चालवायचे.

एकदा वाटेत एक म्हैस आडवी उभी. कादरी साहेबांनी डोकं बाहेर काढलं, "हटो जी, बच्चों का टाइम हो रा." म्हैस ढिम्म. शांताक्कांनी कन्नडमधून समजावलं. ती त्यांच्याकडं बघून रवंथ करायला लागली. मी उतरलो, मराठीत जे येतं ते सगळं म्हटलं. काही उपयोग नाही.

तेवढ्यात शेतातून मालक आला. त्यानं फक्त "पद" म्हटलं आणि म्हैस चालायला लागली.

"ही कुठली भाषा म्हणायची?" अप्पांनी विचारलं.

"तेलगू जी. चिंताकीहून आणलीय. तिकडं तेलगू लई चालती."

अप्पा शांतपणे म्हणाले, "चला. राज्यांची वाटणी झाली तवा हिचं तेवढं राहून गेलं."

*

सात वर्षांत जीपनं आपला बराचसा भाग रस्त्याला दान केला. कादरी साहेबांच्या पायाखालचा पत्रा गेला. ते म्हणायचे, "अच्छा हुआ, हवा आती." क्लच एवढा जड की त्यांचा डावा गुडघा सुजायचा. शांताक्का घरून पांढरं पातळ नेसून निघायच्या आणि शाळेत तांबड्या पातळात उतरायच्या. त्यांची कंबर धरली होती. डॉक्टरांनी काय सांगितलं विचारलं तर म्हणाल्या, "गाडी बदला म्हणालेत."

अशात त्याच व्यापाऱ्याकडून निरोप आला. मिलिटरीची नव्या जातीची गाडी आलीय, आठ माणसं बसतात, वर पक्का टप, दारंसुद्धा आहेत. दारं म्हटल्यावर शांताक्कांनी हातातली वही खाली ठेवली.

*

आम्ही एका रविवारी बघायला गेलो. जुन्या जीपनंच गेलो, म्हणजे तिची काय किंमत येते तेही कळेल.

व्यापाऱ्याकडं एक म्हातारे हवालदार गाड्या दाखवायला होते. आधी फौजेत गाड्या तपासून कंडम ठरवायचं काम त्यांच्याकडं होतं. आमच्या जीपचं बॉनेट उघडून ते बराच वेळ बघत राहिले. आत कुठंतरी रंगानं केलेली खूण होती.

"ये निशान मेरा है," ते म्हणाले. "इस गाडी को मैंने ही कंडम किया था. लिखा था, दस मील नहीं चलेगी."

कादरी साहेबांनी सांगितलं की सात वर्षं झाली, रोज चालतेय. हवालदारांना त्याचा आनंद झालेला दिसला नाही.

मग त्यांनी नवी गाडी दाखवली. दारं उघडून, लावून दाखवली. शांताक्कांनी स्वतः तीनदा लावून बघितली. कादरी साहेब क्लचवर पाय ठेवून नुसते बसून राहिले, उतरायलाच तयार होईनात.

अप्पांनी हवालदारांना विचारलं, "या गाडीबद्दल तुमचं काय मत?"

"एक नंबर. बीस साल चलेगी."

अप्पांनी आमच्याकडं वळून म्हटलं, "मग अवघड हाय."

*

तरी सगळ्यांना गाडी आवडलीच होती. अप्पांनाही. अडलं पैशाला. जुनी विकून, चौघांनी सगळं घालूनही निम्मीच किंमत जमत होती.

ही बातमी शाळा समितीच्या अध्यक्षांपर्यंत पोचली. गावातले मोठे माणूस. एका दुपारी ते शाळेत आले. अप्पांच्या खोलीत आम्ही चौघंही होतो.

"निम्मी रक्कम मी घालतो," ते म्हणाले. "दिवसभर गाडी माझ्याकडं राहील, सकाळ-संध्याकाळ तुमची. शिक्षकांचे हाल बघवत न्हाईत मला."

कादरी साहेबांचा चेहरा खुलला.

"एकच हाय," अध्यक्ष पुढं म्हणाले. "गाडीत आमच्या घरच्या बायाबी बसतील. तवा गायकवाड सरांनी राग मानू नये. ते तरणे हायेत. त्यांना आपली बस बरी."

मी म्हणालो, "बस तासभर उशिरा पोचते."

"मग पहिला तास दुसऱ्या कुणाला देऊ की. तुमच्यासाठी एवढंबी करणार न्हाई व्हय आम्ही?"

नव्या गाडीत आठ जणांची जागा होती. मी गणित शिकवतो म्हणून एवढंच नोंदवतो.

अप्पा म्हणाले, "ठरवून सांगतो."

पुढचे आठ दिवस जीपमध्ये कुणी नव्या गाडीचा विषय काढला नाही. कुठलाच विषय काढला नाही. हॉर्न नसलेली गाडी पहिल्यांदाच इतकी शांत चालली. कादरी साहेब क्लच दाबताना ओठ आवळायचे ते मला दिसायचं. शांताक्का उतरताना दांडीला धरून थोडा वेळ तशाच उभ्या राहायच्या, तेही दिसायचं. दोघं माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होते. त्याचाच जास्त त्रास व्हायला लागला.

शेवटी मी मनाशी ठरवलं. आपल्या एकट्यापायी तिघांनी किती दिवस हाडं मोडून घ्यायची? आपण बसनं जाऊ. तासाभराचा तर प्रश्न.

*

शनिवारी शाळा सुटल्यावर अप्पांनी आम्हाला खोलीत बसवलं. म्हणाले, "बोलून कुणीबी खरं सांगणार न्हाई. चिठ्ठी लिहू. एकच शब्द, नवी का जुनी. नाव घालायचं न्हाई. निघंल ते चौघांनी मान्य करायचं."

चौघांनी लिहिलं. कादरी साहेबांनी हाताचा आडोसा केला होता. शांताक्कांनी लिहून चिठ्ठीची पार गोळी केली. मी एका झटक्यात लिहून टाकलं, पुन्हा विचार नको म्हणून. चारही चिठ्ठ्या अप्पांनी टोपीत घेतल्या.

त्यांनी चष्मा पुसला, पहिली उघडली, वाचली, "जुनी." चिठ्ठी खिशात घातली.

दुसरी उघडली. "जुनी."

कादरी साहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तिसरी उघडायला वेळ लागला, ती गोळी होती. अप्पांनी ती टेबलावर तळहातानं सपाट केली. "जुनी," ते म्हणाले. शांताक्का खिडकीबाहेर बघायला लागल्या.

चौथी अप्पांनी उघडली. जरा जास्त वेळ धरून ठेवली. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "जुनी. चला, पोरं ढकलायला थांबलीत."

मी माझ्या चिठ्ठीवर 'नवी' लिहिलं होतं.