धुऱ्यावरची नावे

आमच्या घराण्याची वंशावळ सांगणारे भाटबाबा मेलेल्या माणसाचे नाव घरात बसून घेत नसत. ओसरीवर कोणी सहज विचारले, "बाबा, आमच्या आज्याचा बाप कोण?" तर हातातली भाकर तशीच ठेवून उठायचे आणि भर उन्हात वावराची वाट धरायचे. विचारणाऱ्याला मागोमाग जावेच लागे. दुसऱ्या भाटांजवळ घराण्यांच्या चोपड्या असतात म्हणे. आमच्या भाटबाबांजवळ एक काठी होती आणि दर्यापूरकडची आमची काळी जमीन होती.

आमच्याकडे ज्याने जे वावर वहितीला आणले, त्याचा दगड त्याच वावराच्या धुऱ्यावर उभा असे. धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या न नांगरलेल्या पट्टीवर. दगडावर नाव नाही, आकृती नाही, शेंदराचे एक बोट तेवढे. दर दोन-तीन वर्षांनी सुगी उरकली की भाटबाबा येत, सारे घर मागे घेऊन धुऱ्याधुऱ्याने चालत आणि एकेका दगडापाशी थांबून त्या माणसाचे नाव, त्याची बायको, त्याची लेकरे सांगत. स्वभावसुद्धा सांगत. "हा लय संतापी होता, याच्यापाशी हळू बोला," म्हणून स्वतःच आवाज उतरवत. त्यांच्या पाठांतराचे कोणी कौतुक केले तर चिडत. "नाव तोंडात राह्यत नाई बाप्पा, धुऱ्यावर राह्यते. मी फक्त उचलतो."

शेवटच्या दगडापाशी पोचले की मधल्या काळात घरात आलेल्या सुना आणि झालेली लेकरे ते त्या ओळीला जोडत. त्यांनी नाव घेतले म्हणजे माणूस घराण्यात आले. मी सून होऊन आले तेव्हा लग्नातच माझे नाव बदलले होते. भाटबाबांनी काठी टेकली आणि विचारले, "पोरी, मायबापानं ठेवलेलं नाव काय तुयं?" मी घाबरून सासूबाईंकडे पाहिले. "तिच्याकडं काहून पाहून राह्यली? तिले काय माईत? तुयं तू सांग." मी म्हटले, गिरजा. त्या गावात मला पुन्हा गिरजा म्हणणारा तो एकच माणूस होता, आणि मला तो बापासारखा वाटायचा.

लेकींच्या बाबतीत त्यांचा एक हट्ट होता. "लेकीचं नाव एकडाव घ्याचं असते. मंग ते तिच्या सासरी जाते. पण एकडाव घेतल्याबिगर तिले सोडाचं नाई." सासूबाई यावर नाक मुरडायच्या. भाटबाबा तिकडे लक्षच द्यायचे नाहीत.

मग कुठेतरी सात समुद्रांपलीकडे लढाई लागली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. माणसे येडी झाली. ज्वारी कोणी पेरीना, जिकडे पाहावे तिकडे कापसाची पऱ्हाटी. बैलांच्या शिंगांना चांदी चढली आणि घरात भाकरीला पीठ नाही, असे ते दिवस. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, धुरे डोळ्यांत सलू लागले. एवढी जागा फुकट! त्यांनी सगळे धुरे नांगरून काढले.

मामंजी देवभोळे नसते तर बरे झाले असते. दगड जागच्या जागी बाजूला फेकले असते तर ते निदान आपापल्या कोपऱ्यात पडून राहिले असते. पण पूर्वज म्हटल्यावर असे कसे चालेल? त्यांनी बैलबंड्या जुंपून सारे दगड गावाजवळ आणवले, निंबाखाली ओटा बांधला, दगड धुतले, नारळ फोडला आणि सगळ्यांना सारखा, दाट शेंदूर फासून ओळीने उभे केले. गावाने वाहवा केली. मीही हात जोडले.

त्याच साली माझी कौसा झाली, आणि वर्ष भरायच्या आत तापाने गेली. तान्ह्या लेकराचा दगड नसतो. घरात तिचे नाव निघाले की सासूबाई म्हणत, "पोट्टीच तं होती." मी एवढेच धरून बसले होते की भाटबाबा येतील, तिचे नाव घेतील, मग ती कोणाला पुसता येणार नाही.

ते आले. वावरात गेले आणि लगेच परतले. मामंजींनी मोठ्या हौसेने ओटा दाखवला. भाटबाबा एकेका दगडावरून हात फिरवत राहिले. एकापाशी एक नाव घेतले, पुढच्यापाशी अडखळले, मागे आले, पुन्हा सुरू केले. शेवटी मटकन खाली बसले.

"पाटील, कोनता कोनाचा?"

"अहो भाटबाबा, सगळे आपलेच हायेत नं! जागा बदलली, दुसरं काय?"

"मले वावर दिसलं का मानूस दिसते. इथं मले शेंदूर दिसून राह्यला." म्हातारा सगळ्यांदेखत रडला. मामंजींनी जेवायला बसा म्हणून किती विनवले, पण ते पाणीही न पिता निघाले.

मी पदर सावरत वेशीपर्यंत धावले. म्हटले, "बाबा, बाकीचे राहू द्या. माई कौसा होती. तिचं एकटीचं नाव घ्या."

ते थांबले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "कोनाच्या मांगं ठेवू वं गिरजा तिले? मागचं सारं सांडलं. एकटं घेतलेलं नाव हवेत जाते. मी खोटं नाई करू शकत." त्यांच्यावर मला रागावतासुद्धा आले नाही.

पुन्हा ते आले नाहीत. त्यांचा मुलगा रेल्वेच्या ठेसनावर कापसाच्या बंड्या हाकू लागला होता. बाप गेल्याचे त्यानेच जाता जाता सांगितले. बापाचे काही शिकलास का, असे विचारले तर हसला. पुढे ती लढाई संपली, भाव बसले, मामंजींनी गुपचूप धुरे पुन्हा सोडले. त्यांवर आता गवत वाढते.

म्हातारपणी नातीकडून मी अक्षरे शिकले, ती या एका नावासाठी. पण नुसते कौसा असे लिहिले की वाचणारा विचारतो, ही कोण? तिला मांडीवर घेतलेले दुसरे कोणी आता जिवंत नाही. मी गेले की कौसा झालीच नव्हती.