दारामागची खुंटी

कात्रीमावशीच्या हातून कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नसे. पडदा विटला की त्याचा झगा व्हायचा, झगा आखूड झाला की पिशवी, पिशवी फाटली की पायपुसणं; आणि पायपुसण्याचं पुढे काय होतं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. रूपाच्या बाबतीतही तोच खाक्या. काकडीची साल आधी गालाला, मग कुंडीला. शेजारणी बाह्या आखूड करून घ्यायला यायच्या आणि जाताना मावशीच्या हातच्या तेलाची बाटली फुकटात लांबवायच्या. मावशीला ते कळायचं, पण तेल लावून कोणाचे केस दाट झाले तर तिलाच जास्त आनंद व्हायचा.

घरात कायदा एकच. बाहेरच्या खोलीच्या दारामागे एक खुंटी होती. तिच्यावर जे टांगलं ते मावशीचं, आणि जिथे टाचणी टोचली तिथे कात्री चालवायची. त्यात विचारणं नाही की सांगणं नाही.

भाची आईविना पोर, मावशीनेच वाढवलेली. लहानपणी तिचा एकूणएक कपडा त्या खुंटीवरून उतरलेला. पण कॉलेजात कोणीतरी तिला पाहून “पडदा आला, पडदा आला” म्हणून ओरडलं, आणि त्या दिवसापासून तिने खुंटीवर काही टांगलं नाही. नोकरी लागल्यावर तर दुकानातलंच घ्यायचं, महाग असो की स्वस्त. मावशीने कधी बोलून दाखवलं नाही. पण खुंटीवरचे शेजाऱ्यांचे कपडे काढताना तिला ते टोचायचंच.

आणि आता भाची आपल्या ऑफिसातल्या मुलाला घरी आणणार होती. लग्नाचं ठरवायचं होतं.

“मावशी, गाठोडी सगळी पलंगाखाली. आणि आजचा दिवस कात्रीला सुट्टी दे गं.”

“दिली बाई. भरपगारी दिली.”

थट्टा केली खरी, पण गाठोडी पलंगाखाली ढकलताना मावशीला वाटलं, आपल्या चिंध्यांपायी पोरीचं जुळत आलेलं मोडलं तर? निदान आपण तरी नीटनेटकं दिसावं, म्हणून तिने तोंडाला काकडी-दह्याचा जाड लेप फासला. नेमकी तेव्हाच बेल वाजली. पाहुणा वेळेआधीच हजर! मावशी जी न्हाणीघरात पळाली ती लेप धुऊन, केस विंचरून, साडी बदलूनच बाहेर आली.

घरात चिटपाखरू नव्हतं. ‘कोपऱ्यावर सरबताला लिंबं आणायला गेली असेल पोरगी. पाहुण्याचा अजून पत्ता नाही, बेल दूधवाल्याची असणार,’ असं मावशीने ठरवून टाकलं. मग तिची नजर दारामागे गेली. खुंटीवर एक जुना कोट होता. कापड झकास, बाह्या मात्र लांबलचक, आत दुमडून टाचण्या टोचलेल्या.

मावशीचा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांनी! भाचीने जुन्या बाजारातून कोट आणला, टाचण्या लावल्या आणि न बोलता खुंटीवर टांगला. आता सुट्टी कसली नि काय कसली. मावशीने कात्री उचलली आणि एक बाही टाचणीच्या रेघेवर सपकन कापली.

दुसऱ्या बाहीला हात घालते तोच दार उघडलं. भाची, हातात लिंबं. मागे तो ऑफिसातला मुलगा, घामाघूम, नुसत्या सदऱ्यात.

“मावशी!” भाची किंचाळली. “त्यांचा कोट आहे तो! त्यांच्या गेलेल्या बाबांचा!”

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. “अगं, खुंटीवर होता... टाचण्या होत्या...” गेलेल्या बापाचा कोट, आणि आपण तो भाजीसारखा चिरला. लिंबं तशीच धरून भाची भिंतीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते.

त्या मुलाने कोट घेतला आणि अंगात घातला. एक हात मनगटापासून मोकळा, ऐटदार. दुसरी बाही टाचण्यांतून सुटून बोटांच्याही खाली लोंबत होती. त्याने दोन्ही हात पुढे धरले. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

“बाबा उंच होते,” तो म्हणाला. “मला हा कधी बसलाच नाही, टाचण्या लावूनच घालतो. आणि शिंप्याकडे द्यायचा धीर होत नव्हता.” मग लोंबती बाही त्याने मावशीपुढे केली. “ही राहिली की.”

भाचीला हसू फुटलं ते थांबेचना, आणि लिंबं खोलीभर घरंगळली. मावशीचा जीव भांड्यात पडला.

“कापलेला तुकडा टाकला नाहीत ना?” त्याने विचारलं. “कोपर झिजलंय. तिथे लावता येईल.”

मावशीने त्याच्याकडे निरखून पाहिलं, मग भाचीकडे. “बाई गं,” ती म्हणाली, “हा आपल्यातलाच आहे.” मग भाचीनेच पलंगाखालची गाठोडी ओढून बाहेर काढली, अस्तराला रंग जुळणारं कापड शोधायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने दारामागे पाहिलं. खुंटीवर भाचीचा दुकानातला महागडा झगा होता, घेराला टाचण्या लावलेला. मावशीने कात्री उचलली, परत ठेवली, आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, “अगं ए, हा खरंच कापायचाय का?”

आतून उत्तर आलं, “टाचण्या दिसत नाहीत का मावशी?”