तिसऱ्या ओरड्याची वाट

पनवेलच्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथपाल, आणि हे कार्यालयात पगाराचे काम पाहायचे. प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर विम्याच्या, भाड्याच्या पावत्या जानेवारीत कार्यालयात द्याव्या लागतात. नाहीतर उरलेल्या एक-दोन पगारांतून वर्षाचा कर कापला जातो. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असे आणि कोणीही देत नसे. हे दोनदा सूचना काढत. आम्ही वाचत असू आणि विसरत असू. तिसऱ्या खेपेला हे मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहाचा कप घेऊन उभे राहत आणि एकेकाची नावानिशी हजेरी घेत. सुरुवात घरापासून.

"आमच्या मॅडम अख्ख्या ग्रंथालयाला नंबर देतात. विम्याची एक पावती मात्र सापडत नाही."

मग हशा, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे कागद टेबलावर. वर्षानुवर्षे हे असेच चालले.

दिवाळीनंतर हे गेले. त्यांच्या जागी आमचीच एक माजी विद्यार्थिनी आली. कामाला चोख. तिनेही दोन सूचना काढल्या, अगदी शुद्ध आणि नम्र. आम्ही वाचल्या.

शेवटच्या दिवशी सकाळी ती ग्रंथालयात आली.

"मॅडम, एकानेही कागद दिले नाहीत. सगळे माझ्यावर रागावलेत का?"

"नाही गं. तू ओरडायची वाट बघतायत."

"मी कशी ओरडू? फिजिक्सच्या सरांनी मला शिकवलंय. आणि त्यांचाच पगार जवळजवळ सगळा जाणार. करंजाड्याच्या फ्लॅटचा हप्ता त्यातूनच जातो ना?"

तो तसाच जात होता. नव्या संगणक प्रणालीत चार वाजता महिना बंद झाला की पुन्हा उघडत नाही, असेही तिने सांगितले. मग म्हणाली, "मॅडम, तुमचेही कागद नाहीत."

मीही त्याच ओरड्याची वाट बघत होते.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये गेले. चहा घेतला नाही.

"पावत्या," मी म्हणाले. कोणी ऐकले नाही. "पावत्या," पुन्हा म्हणाले, तेव्हा गप्पा थांबल्या. "यंदाही पहिली मीच. आणि सर, चारनंतर तुमचा हप्ता बँकेला काय सांगून थांबवणार? न्यूटनचा नियम?"

कोणी हसले नाही. सर कप खाली ठेवून म्हणाले,

"जमलं नाही हं, मॅडम. स्वतःला फारच हळू झापलंत. तुमचे मिस्टर असते तर अजून पाच मिनिटं तुमच्यावरच असते."

तेव्हा मात्र सगळे हसले, मीसुद्धा. सर स्कूटर काढून घरी गेले आणि गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला घेऊन चारच्या आत परतले. कार्यालयातल्या मुलीने आकडा भरला. पडद्यावरचा कर इतका उतरला की सरांनी तिथेच बसून पाणी मागितले.

मीही घरी जाऊन कपाटातले विम्याच्या पावतीचे पाकीट आणले होते. तिने उघडले आणि संकोचून म्हणाली, "मॅडम, ही मागच्या वर्षीची आहे."

नवी पावती दरवर्षी हेच त्यात ठेवत असत. मी फक्त पाकीट नेऊन देत असे.

चार वाजले. सर्वांत जास्त कर माझा कापला गेला. रिटर्न भरल्यावर परत मिळेल, असे ती मला पुन्हा पुन्हा समजावत होती.