दोरीपलीकडची सुंठ

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. त्या दुकानात पूर्वी गिऱ्हाईक सरळ आत शिरायचं. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या तर आत गेल्या की आधी पोत्यांची विचारपूस करायच्या. तुरीच्या डाळीत मनगटापर्यंत हात घालायचा, मूठभर वर काढायची, तळहातावर चोळून फुंकर मारायची, चार दाणे तोंडात टाकायचे आणि म्हणायचं, "मागच्या खेपेची बरी होती." मग गुळाच्या ढेपेचा कोपरा मोडून बघायचा. दुकानदाराला सारं अहमदपूर आप्पा म्हणतं. आप्पांनी कधी डाळ चांगली आहे म्हणून सांगितलं नाही आणि आत्यांनी ती वाईट आहे म्हणून कधी परत ठेवली नाही. दोघांचं वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

या दुकानात काही वस्तू मोठ्यानं मागायच्या आणि काही हळूच मागायच्या, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. साखर, तेल, रवा मोठ्यानं. पोट साफ होण्याचं चूर्ण जरा खाली वाकून. आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींना मिशीचा काळा रंग लागायचा. ते आधी काडीपेटी मागायचे, मग इकडंतिकडं बघायचे आणि आप्पांच्या कानाशी जाऊन "ते एक द्या" म्हणायचे. आम्हा बायकांना महिन्याचं जे लागतं, त्याच्यासाठी तर तोंडसुद्धा उघडावं लागत नसे. दुकानातले पुरुष निघून जाईपर्यंत डाव्या अंगाला साबणाच्या वड्या न्याहाळत उभं राहायचं. आप्पा समजायचे आणि आतल्या खोलीकडं तोंड करून "अगं, ऐकलं का" म्हणायचे. मग काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा काळ्या पिशवीत घालून आणून द्यायच्या. काळी पिशवी आणि वर्तमानपत्र दिसलं की आत काय आहे ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. तरी आम्ही ती पदराखाली धरूनच घरी यायचो.

मग करोना आला. सगळं बंद झालं आणि किराणा तेवढा सकाळच्या वेळी उघडा राहिला. आप्पांनी शटरपाशी आडवी दोरी बांधली, दोरीमागं टेबल लावलं आणि टेबलामागं स्वतः उभे राहिले. नगरपालिकेच्या माणसांनी रस्त्यावर चुन्याचे गोल आखून दिले. एका गोलात एक माणूस, आणि एका घरातून एकच माणूस.

आमच्या घरातून कोण जाणार, हा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी स्वतःच सोडवला. त्यांना मी मामा म्हणते. मामा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी अहमदपूर, उदगीर, मुखेड, शिरूर अनंतपाळ या रस्त्यांवर गेली. घरासाठी त्यांनी कधी मिठाची पुडी आणली नव्हती. माझे मिस्टर तहसीलला, त्यांना रोजची ड्युटी. माझी शाळा बंद होती, म्हणून मी म्हटलं, "मामा, तुमचं वय झालंय, टीव्हीवर सांगतायत ना, म्हाताऱ्यांनी बाहेर पडू नये. मी जाते."

"म्हातारा कोण?" मामा म्हणाले. "मी पेन्शनर हाय. आणि गर्दीतनं माणूस वाचवायचं मला शिकवू नका. सारी जिंदगी त्यातच गेली."

तोवर त्यांनी मास्क चढवलाही होता. आत्यांच्या जुन्या लुगड्याचा, हिरवा, काठासकट.

गोलांचा निकाल लोकांनी पहिल्याच दिवशी लावला. दुष्काळात टँकरच्या वाटेला घागरी लावून ठेवायची सगळ्यांना सवय होती. घागर रांगेत, माणूस सावलीत. तसंच इथं केलं. प्रत्येक गोलात एकेक पिशवी ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चप्पल ठेवली, आणि सगळी माणसं समोरच्या लिंबाखाली खांद्याला खांदा लावून गप्पा मारत बसली. पिशव्या मात्र एकमेकींपासून नियमानं लांब होत्या.

मामांना हे पटलं नाही. त्यांनी सगळ्यांना लिंबाखालून उठवून गोलात उभं केलं. पण बोलता बोलता जिभेवरचं जुनं वाक्य सुटलं. "चला, पुढं सरका, मधी लई जागा हाय." लोकही त्यांच्या गाडीत उभ्यानं प्रवास केलेले. सगळी रांग निमूटपणे पुढं सरकली आणि पार दोरीला जाऊन भिडली. तेवढ्यात पोलीस आला. त्यानं काठी आपटून विचारलं, "कोण म्हणलं पुढं सरका?" मामांनी मास्क नाकावर ओढला आणि ते आकाशाकडं बघायला लागले. हे मला गुरुजींच्या मंडळींनी सांगितलं, मामांनी नाही.

माझं माहेर मुखेडचं. इथून फार लांब नाही, पण ते नांदेड जिल्ह्यात आणि आम्ही लातूरमध्ये. हद्दीवर आता पोलीस उभे होते. मामांना त्याचं फार नवल वाटे. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा ते नोकरीला नुकतेच लागले होते. गाडीतले लोक विचारायचे, जिल्हा बदलला, आता तिकीट वाढणार का? मामा सांगायचे, जिल्हा बदललाय, रस्ता तोच हाय. "आता खरा जिल्हा झाला बघा," ते मला म्हणाले. "इतकी वर्षं हद्द कुठाय ते डायवरलाबी ठावं नव्हतं."

माझी वहिनी मुखेडहून फोनवर जे सांगायची, तेच आमच्याकडं चाललं होतं. दोरी आली आणि हळूच मागायची सोय गेली. दोरीपासून पहिला गोल चांगला लांब. तोंडावर मास्क, आप्पांच्याही आणि आपल्याही. काहीही मागायचं तर ओरडून मागायचं. गुरुजींनी एकदा "ते एक द्या" म्हणून पाहिलं. आप्पा म्हणाले, "काय?" गुरुजी म्हणाले, "ते." आप्पा म्हणाले, "कोणतं ते?" शेवटी मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, गुरुजींना मिशीचा रंग द्या." गुरुजी काडीपेटी घेऊन परत गेले. मिशी तशीही मास्कखाली होती.

बायकांची अडचण यापेक्षा मोठी होती. ती मास्कखाली झाकण्यासारखी नव्हती. आणि एका घरातून एकच माणूस म्हटल्यावर बऱ्याच घरांतून पुरुषच जायचे. माझी मुलगी अकरावीत होती. घरातला साठा संपत आला, तेव्हा मी काकूंना फोन केला. फोन करणारी मी पहिली नव्हते. काकूंनी तोवर मार्ग काढलेला होता.

"सुंठ म्हणा," काकू म्हणाल्या.

"सुंठ?"

"उन्हाळ्यात कोण सुंठ नेतंय? वर्षाची सुंठ बरणीत तशीच पडून राहती. ज्याला लागल त्यानं सुंठ मागायची. नवऱ्याला पाठवा, सासऱ्याला पाठवा, कुणालाच कळत न्हाई. मी पुडे बांधून टेबलाखाली ठिवल्यात. ह्यांना सांगितलंय, कुणी सुंठ म्हणलं की टेबलाखालचा पुडा द्यायचा, जास्तीचं काही विचारायचं न्हाई."

योजना चांगली होती. गल्लीतल्या बायकांनी ती फोनवरून एकमेकींना कळवली आणि पंधरवडाभर काही अडलं नाही. आप्पा निमूट पुडे देत राहिले. मीही मामांना सुंठ आणायला सांगणारच होते. पण जयंती दोन दिवसांवर आली. यंदा मिरवणूक नाही, घरातच बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायची आणि खीर करायची असं ठरलं होतं. त्या गडबडीत माझं सांगायचं राहून गेलं.

त्याच दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर काढ्याचा निरोप फिरला. सुंठ, मिरे, दालचिनी, तुळस. सकाळ-संध्याकाळ प्यायचा, घसा साफ, करोना लांब. मामांनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला. मी स्वयंपाकघरात होते, शेवया भाजत होते. अर्धवट कानावर आलं, मी "हो मामा" म्हटलं. ते पिशवी घेऊन गेले.

त्यानंतर दुकानाशी जे झालं, ते मी दोन-तीन तोंडांनी ऐकलेलं आहे आणि सगळ्यांचं सांगणं सारखंच आहे.

मामा पहिल्या गोलात उभे राहिले. त्यांच्यामागं गुरुजी. मामांनी खिरीसाठी दूध पावडर, वेलची आणि साखर घेतली आणि मग खणखणीत आवाजात म्हणाले, "आणि सुंठ द्या."

आप्पा खाली वाकले. वाकूनच त्यांनी विचारलं, "किती देऊ?"

"द्या की भरपूर. घरातल्या सगळ्यांना पुरली पाहिजे."

आप्पांनी वाकल्या वाकल्या पुडे मोजले. "सगळ्यांना?"

"हाव. सकाळ-संध्याकाळ घ्यायची हाय. पोराला, सुनेला, नातीला, म्हातारीला. मीबी घेणार."

आप्पा वर आले. त्यांना जास्तीचं काही विचारायची मनाई होती. तरी राहवलं नाही. "कंडक्टर साहेब, तुम्ही पण?"

"का बरं? मला घसा न्हाई का?"

रांगेत तीन बायका होत्या. त्या तिघींनी एकदम जमिनीकडं पाहिलं. एकीला ठसका लागला, आणि त्या दिवसांत ठसका म्हटल्यावर तिच्या आजूबाजूचे गोल झटक्यात रिकामे झाले. आप्पांनी टेबलाखालून दोन मोठे पुडे काढून टेबलावर ठेवले आणि ते मागं सरले. मामांनी ते पिशवीत घातले. मागून गुरुजी म्हणाले, "मला पण सुंठच पाहिजे. पण आम्ही दोघंच आहोत, मला लहान द्या."

घरी आल्यावर मामांनी पुडे ओसरीवर उन्हात ठेवले, साबणानं हात धुतले आणि आत्यांकडं खलबत्ता मागितला. सुंठ आपण स्वतः कुटणार म्हणाले. खलबत्ता पुढ्यात घेऊन, बाह्या वर करून बसले आणि वर्तमानपत्र सोडलं. मी दारात आले तेव्हा त्यांच्या हातात पुडा होता आणि ते चष्मा वर-खाली करून त्याच्यावरचं चित्र बघत होते.

"हे काय दिलं आप्पानं?" ते म्हणाले.

माझ्या मुलीनं पाहिलं आणि ती हसत हसत भिंतीला टेकून खाली बसली. आत्यांनी पदर तोंडात धरला. मी आत जावं की बाहेर, मला कळेना. शेवटी मुलगीच आजोबांच्या समोर बसली आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं. सुंठ म्हणजे काय, कुणी ठरवलं, का ठरवलं. अगदी साधेपणानं, जसं पुस्तकातलं समजावून सांगावं तसं.

मामांनी खलबत्ता बाजूला सारला. आपण दुकानात काय काय बोललो, ते मनात पुन्हा ऐकत असावेत, कारण मधेच त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मला घसा न्हाई का म्हणलो मी."

"आबा, जाऊ द्या," मुलगी म्हणाली.

"तू थांब जरा." त्यांनी पुडा तिच्या हातात दिला. "म्हणजे तुला हे लागलं तर तू सुंठ म्हणायचं?"

"हो."

"आणि सुंठ लागली तर काय म्हणायचं?"

याचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता. काकूंनीही नाही. त्याच सकाळी निम्म्या गल्लीनं काढ्यासाठी सुंठ मागितली होती आणि टेबलाखालचा सगळा माल काढा पिणाऱ्यांच्या घरी गेला होता. माल संपल्यावर आप्पांनी बरणीतली खरी सुंठ दिली होती, आणि ती नेमकी खालच्या आळीतल्या एका कॉलेजच्या पोरीच्या घरी पोचली होती. तिच्या आईचा मला फोन आला. बाई रडकुंडीला आली होती. आमच्याकडचा एक पुडा माझ्या मुलीनं जाऊन त्यांच्या फाटकावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. मी म्हटलं, "मामा, राहू द्या, मी जाते आज."

"एका घरातनं एकच माणूस," ते म्हणाले आणि गेले.

यावेळी मी चार पावलं अंतर ठेवून गेलेच. लिंबाआड उभी राहिले. मामांचा नंबर आला. रांग मोठी होती. आप्पांनी त्यांना बघितलं आणि हातातला मापाचा डबा उगीच पुसायला घेतला. मामांनी गाडीत थांब्याचं नाव पुकारावं तसं, न घाई करता, शेवटच्या सीटपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं, "आप्पा, काल तुम्ही पॅड दिले, ते आम्ही ठेवून घेतले. पोरी हायत घरात, लागतात. आज सुंठ द्या."

आप्पांचे कान मास्कच्या दोरीसकट लाल झाले. मग मागच्या गोलातून एक बाई म्हणाली, फार मोठ्यानं नाही, पण ऐकू येईल असं, "मला सुंठ नको. मला पॅडच पाहिजेत."

आप्पा आत वळून म्हणाले, "अगं, ऐकलं का."

काकू आतले उरलेले पुडे घेऊन बाहेर आल्या. टेबलापाशी उभ्या राहिल्या, आप्पांना तेलाच्या डब्यांकडं पाठवलं आणि म्हणाल्या, "बोला, मोठा का लहान?" वर्तमानपत्रं येणं बंद झालं होतं आणि रद्दीही संपत आली होती, म्हणून त्यांनी पुडा तसाच उघडा त्या बाईच्या पिशवीत टाकला. काही झालं नाही. रांग पुढं सरकली. काकू त्या दिवसापासून रोज सकाळी टेबलाशी उभ्या राहायला लागल्या, आणि त्यांचा हिशोब आप्पांपेक्षा जलद होता, म्हणून पुढंही त्यांना तिथून कुणी हलवलं नाही.

संध्याकाळी गुरुजी आमच्या फाटकाशी आले. लांब उभे राहिले. हातात कापडात बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी मला खूण करून बोलावलं, कट्ट्यावर ते ठेवलं आणि दोन पावलं मागं सरले. "बाई, हे तुमच्या मुलीला राहू द्या. आमच्या घरात आता कुणाला लागत नाही," ते म्हणाले. आमच्या घरी काय झालं, ते त्यांना कळलेलं होतं. आपल्या घरी काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मामा बाहेर आले. "जयभीम गुरुजी. सुंठ मिळाली का?"

"नाही. संपली म्हणतात."

मामांनी सकाळी आणलेल्या सुंठीचा मोठा तुकडा कट्ट्यावर ठेवला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाले, "थांबा, काढा झालाच हाय. पेला हाय का तुमचा?" गुरुजी घरी जाऊन स्वतःचा पेला घेऊन आले. मी वरून काढा ओतला. फाटकाच्या अलीकडं मामा, पलीकडं गुरुजी, दोघंही उभ्यानं घोट घेत होते. मामांनी मिरे जरा जास्तच घातले होते. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. मग गुरुजींनी विचारलं, शिरूरची गाडी पूर्वी किती वाजता सुटायची, आणि मामा सांगायला लागले.