खडूने लिहिलेलं 'खाली'

देवासला आमच्या घरात 'खाली' हा शब्द कोणी बोलत नाही. आई म्हणते, "जमिनीवर ठेव." मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांकडे असंच असतं.

बाबा सैन्यासाठी दारूगोळा बनवणाऱ्या एका कारखान्यात सेफ्टीत होते. नवीन लोकांना नियम तेच शिकवायचे. पेटीवर फक्त छापील लेबल, हाताने एक अक्षर नाही. पेटी रिकामी असली तरी दोघांनी उघडून बघायची, मगच रिकामी म्हणायची. आणि एका दुपारी घाईघाईत त्यांनीच डेटोनेटरच्या पेटीवर खडूने लिहिलं, 'खाली'. म्हणजे खालच्या फळीवर ठेवा, आपलं मराठी. त्यांच्या जोडीदाराने, कुक्षीच्या काकांनी, ते हिंदीत वाचलं. रिकामी समजून पेटी ढिगावर फेकली. स्फोटात काकांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

चौकशीत काका म्हणाले, "मैंने कुछ पढ़ा ही नहीं." पेटी तर उरलीच नव्हती. बाबा गप्प बसले. नोकरी टिकली.

मला हे कळलं गेल्या वर्षी. मलाही सेफ्टीतच नोकरी लागली, मी पेढे घेऊन अक्षरशः नाचत होते, आणि बाबांनी मला बसवून सगळं सांगितलं. मग म्हणाले, "त्याला सांगायचंय गं. तू बरोबर चल, नाहीतर मी बसस्टँडवरूनच परत येईन."

कुक्षीला गेलो. काकांनी दार उघडलं. "आओ भिया, आज कैसे रस्ता भूले?"

चहा त्यांनी डाव्या हाताने दिला. मी कुठे बघू तेच मला कळेना. बाबांनी सुरुवात केली, "वो पेटी पे..."

"मालूम है," काका म्हणाले. "तुम्हारे अक्षर मैं नी पहचानूँगा? तुमने अपना खाली लिखा, मैंने अपना खाली पढ़ा."

काकांनी डाव्या हाताने स्वतःचा कप उचलला.

"बस एक बार आके बोल देते यार. इत्ते साल रस्ता देखता रिया."

बाबांनी कप दोन्ही हातांनी धरला. तेवढ्यात काकू आतून आल्या, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. बाबांच्या कपाकडे हात करून म्हणाल्या, "खाली हो गया? लाओ."

बाबांनी मान डोलावली. कप मात्र त्यांच्या हातातून सुटेना. शेवटी मी एकेक बोट उचलून तो काढून घेतला.