देवीपुढे घातलेल्या अटी

माझा पेशा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा. त्यामुळे देवीपुढे हात जोडले तरी मी अटी घालायचे. आईनं मला ओळखावं. नाव घेऊन ओळखावं, तिची धाकटी बहीण समजून नव्हे. आणि मी घरी असतानाच ओळखावं, हेब्बाळला ऑफिसात गेल्यावर नको. पळवाट म्हणून ठेवायची नाही!

आईला नागपूरहून बंगळूरला, मल्लेश्वरमच्या माझ्या घरी आणलं तेव्हाच तिचं विसरणं हाताबाहेर गेलं होतं. आता तर ती मला ‘अहो बाई’ म्हणायची. चहा दिला की आभार मानायची. आभार, बाप्पा! सख्ख्या मुलीचे! मी आधी चिडायचे आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडायचे.

शेजारच्या अक्का मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरच्या. दर शुक्रवारी त्या देवळात लिंबाचा दिवा लावतात. अर्धं लिंबू पिळायचं, साल उलटी करायची आणि त्या वाटीत तूप-वात घालायची. मलाही त्यांनीच शिकवलं. माझ्या अटी ऐकून त्या खो खो हसल्या.

“अगं, ती देवी आहे, तुझी कंपनी नव्हे. पोटातलं काय ते सांग आणि स्वल्प गप्प बैस. तिला कळवळा आहे की नाही?”

“असता तर एव्हाना दिसला असता,” मी फटकन म्हणाले. अक्का रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.

पुढच्या शुक्रवारी आईला सांभाळणारी बाई आली नाही, म्हणून आईलाही देवळात नेलं. मी करून दाखवलं तशी तिनं साल उलटली, वात पेटवली. मग डोळे मिटून चांगलं मोठ्यानं म्हणाली, “माते, माझी पोरगी इकडे परक्या गावात एकटी राहते. जरा तापट आहे, पण मनानं लाख चांगली आहे. तिच्या पाठीशी राहा.”

म्हणजे मी होते. तिच्या मनात कुठेतरी मी धडधाकट होते, माझ्या रागासकट! मला हुंदका आवरेना. देवीकडे काही मागायचं सुचलंच नाही, नुसती बसून राहिले.

आईनं डोळे उघडले. माझ्याकडे बघून काळजीनं म्हणाली, “रडता कशाला, बाई? तुमचं कोणी आहे का इथं?”

“आहे ना. आई आहे.”

“मग काय,” ती हसली, “मजा आहे तुमची!”