पितृपक्षातली दुर्बीण

आमच्या ह्यांना जेवण झालं की छातीत जळजळ व्हायची. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, पोटातलं आंबट पाणी वर येऊन येऊन अन्ननलिकेचं अस्तर बदललंय. हा कॅन्सर नाय, पण पुढं होऊ शकतो, म्हणून ठरलेल्या वेळेला तपासत राहायचं. गोळ्यांनी जळजळ थांबली, तरी मी त्यांना दर खेपेला ओढत न्यायचे.

औरंगपुऱ्यातल्या त्या दवाखान्यात त्यांचा चष्मा, घड्याळ आणि कवळी माझ्या पदरात असायची. बाहेर बसून मी उगाच घड्याळाला किल्ली देत राहायचे. घशाचा बधिरपणा उतरला की आम्ही गुलमंडीवर लस्सी प्यायचो आणि हे म्हणायचे, "उगंच आणलं तू मला." ते दिवस लई आठवतात.

एका साली तपासणी नेमकी पितृपक्षात आली. मामंजींच्या श्राद्धाला वैजापूरहून थोरल्या वन्सं आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पंधरवड्यात कुठं दवाखान्याची पायरी चढतेत का? दिवाळीनंतर बघू."

ह्यांना तेवढंच पाहिजे होतं! "अक्काचं बरोबर आहे. मला तर काही होत बी नाय."

माझं डोकंच फिरलं. "वन्सं, मामंजी कशानं गेले? घोटभर पाणी उतरत नव्हतं गळ्याखाली. तुम्हीच चमच्यानं पाजत होता ना? मग त्यांच्या पंधरवड्यात लेकाचा गळा तपासला तर ते रागावतील व्हय?"

वन्सं डोळे पुसून भावाला म्हणाल्या, "जा रे बाबा. मी पण येते संगं."

त्या खेपेला तपासायला काढलेल्या अस्तराच्या तुकड्यात पेशी बिघडायला लागलेल्या दिसल्या. कॅन्सर झाला नव्हता, पण वाट धरली होती. डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच तेवढा भाग काढून टाकला. आम्ही नणंद-भावजय बाकावर बसून गळ्यात पडून रडलो. हे आपले दोघींवर चिडले, लोकं बघतेत म्हणून.

पुढंही तपासण्या चालूच राहिल्या. मागल्या वर्षी हे गेले, म्हातारपणानं, झोपेतच. आदल्या सांजेला वांग्याची भाजी आणि भाकरी खाल्ली, बोटं चाटली आणि ताट पुढं केलं. "वाढ अजून."

मेली भाजी नेमकी संपलेली. मी माझ्या ताटातली उचलून वाढली. बायकोच्या ताटातलं त्यांनी जन्मात कधी खाल्लं नव्हतं. त्या सांजेला सगळं खाल्लं.